दाराआडची जाळी

जाळी मागच्या खोलीच्या दाराआड उभी होती. केर काढायला म्हणून दार ओढलं, तर ती भिंतीवरून खरखरत घसरली आणि माझ्या पावलावर येऊन टेकली. लोखंडी तारांची, चौकोनी घरांची, टेबलाच्या मापाला बरोबर कापलेली, चारी बाजूंची टोकं पकडीने आत वळवलेली. मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले. खोलीच्या मधोमध लाकडी घोड्यांवर साचा होता, साच्यात काठोकाठ भरलेलं ओलं काँक्रीट होतं, त्यावर प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवला होता, आणि ही जाळी त्या काँक्रीटच्या पोटात असायला हवी होती. मोरीत हे हात धूत होते. नखांतलं सिमेंट ब्रशने घासताना हे नेहमी शीळ घालतात, तशी घालत होते. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. जाळी उचलली, अंगाशी धरून बाहेरच्या खोलीत नेली, पलंगाखाली कापडाच्या गठ्ठ्यांमागे सरकवली, आणि परत येऊन केर काढायला लागले. एक तार बोटात घुसली होती, ते रक्त साडीला पुसलं तेव्हा कळलं.

हे म्हणजे माझा नवरा. सगळा जन्म बांधकामाच्या साइटवर गेला, आधी हाताखाली, मग सुपरवायझर म्हणून. किती इमारतींचे स्लॅब ह्यांच्या देखत भरले गेले ते ह्यांनाच ठाऊक, आणि एकाही स्लॅबात काही विसरलं म्हणून कोणी बोट दाखवलं नाही, ह्याचा केवढा तोरा! त्याला कारण ह्यांची पद्धत. माल ओतायच्या आधी हे मोठ्याने एकेक गोष्ट पुकारायचे आणि ज्याचं काम त्याने ओ द्यायची. "तेल?" "लावलं." "टेकू?" "दिले." "जाळी?" "टाकली." ओ आल्याशिवाय एक घमेलं पुढे सरकायचं नाही. आणि ओ देणाऱ्याने मान न वळवता, नुसतं सवयीने 'झालं झालं' म्हटलं, की ह्यांचा पारा चढलाच. "बघून सांग!" असे ओरडायचे की रस्त्याने जाणारी माणसं थबकायची. घरीसुद्धा तेच. बाहेर पडताना दारात उभं राहून "गॅस?" "नळ?" "खिडकी?" आणि मी आतून ओ द्यायची. लग्न झाल्या झाल्या मला फार राग यायचा, मी काय ह्यांची बिगारी आहे? मग अंगवळणी पडलं. मुलगा लहान असताना तोही शाळेला निघताना स्वतःच पुकारायचा, "दप्तर?" आणि स्वतःच ओ द्यायचा. म्हणून तर मी हादरले. दुसऱ्या कोणाकडून राहिली असती तर राहिली बुवा म्हणून सोडून दिलं असतं. ह्यांच्याकडून जाळी राहावी? जाळीशिवाय काँक्रीट म्हणजे चहात बुडवलेलं बिस्कीट, हे वाक्य ह्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मी झोपेत म्हणून दाखवीन.

ह्या टेबलाचं खूळ निघालं ते जुनं टेबल जळलं म्हणून. मी शिवणकाम करते. नवीन कपडे शिवणं कधीच सोडलं, आता नुसती दुरुस्ती: पँट आखूड करा, कोटाचं अस्तर बदला, पडद्यांना दुमड घाला. त्याला ऐसपैस टेबल लागतं, एका अंगाला कापायचं, दुसऱ्या अंगाला इस्त्री. जुनं लाकडाचं होतं. एकदा मी भाजी आणायला गेले होते, परत येते तर जिन्यातच वास. हे माझ्या आधी पोचले होते. सगळ्या खिडक्या सताड उघडलेल्या, आणि हे ओल्या पोत्याने टेबल दाबत होते. फळीला इस्त्रीच्या आकाराचं आरपार भोक पडलं होतं, खालच्या गठ्ठ्यातल्या पडद्यांचा कोळसा. "रुमालाला इस्त्री करायला घेतली असेल तुम्ही, आणि ठेवून गेलात तशीच," मी म्हटलं. चांगली तणतणले. हे खोकत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि माझ्याकडे बघत होते. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हो. माझंच राहिलं असेल." एरवी हा माणूस आपली चूक कबूल करेल? नाव नको! भांडला असता, माझ्या माहेरच्यांपर्यंत पोचला असता. इतकं निमूटपणे 'माझंच' म्हणाले, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा ह्यांच्याबद्दल भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "आपण टेबल काँक्रीटचं करू. काँक्रीट जळत नाही." मी म्हटलं, "अहो, मला कापड कापायचंय, धुणं नाही आपटायचं." म्हटलं कात्रीची धार जाईल, थंडीत हात गारठतील, हलवायला हत्ती आणावा लागेल. "हलवायचंय कशाला? वर जाड कापड ताणून देतो. हलणार नाही, जळणार नाही," हे म्हणाले, आणि प्लाय आणायला गेले. एकदा एखादी गोष्ट ह्यांच्या डोक्यात शिरली की शिरली.

भीतीला नाव होतं. माझे मोठे दीर. ते एका कारखान्यात हिशेबनीस होते, आकडेमोड तोंडी करायचे, लोकांच्या टेलिफोनचे नंबर पाठ. त्यांचं सुरू झालं ते असंच, काही कळायच्या आत. तीच गोष्ट परत परत विचारायची. वस्तू भलत्याच ठिकाणी ठेवायच्या. मग कपाटाचं दार उघडून लिफ्ट समजून आत उभे राहायला लागले. जाऊबाई खमकी बाई, एकदा वैतागून त्यांना तोंडावर म्हणाली, "अहो, तुमचं डोकं आता चालत नाही, मी सांगते तसं वागा." तोवर ते निदान धडपडायचे, स्वतःशी भांडायचे. त्या दिवसापासून खुर्चीत बसले ते बसलेच, जणू कोणी सांगायचीच वाट बघत होते. आम्ही भेटायला गेलो होतो तेव्हाचं मी विसरणं शक्य नाही. जाऊबाई त्यांना भरवत होती. त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला आणि फार अदबीने म्हणाले, "बाई, तुम्ही खूप केलंत. पण आता निघा तुम्ही. तुमच्या घरचे वाट बघत असतील." जाऊबाई हसली. म्हणाली, "निघते हं, एवढं संपवा, मग निघते." आणि पुढचा घास पुढे केला. मी उठून गॅलरीत गेले. हे माझ्या मागे आले नाहीत, भावाजवळच बसून राहिले. तेव्हापासून मी मनात धरून बसले आहे: ह्यांच्या तोंडून मला ते ऐकायला लागू नये. बाकी काय व्हायचं ते होवो. शिव्या देऊ देत, आजारी पडू देत. पण मला, ह्या घरात, 'बाई, तुम्ही निघा आता' नको.

म्हणून ओतायच्या दिवशीचं मी परत परत आठवून पाहत होते, कुठे काय झालं ते. सकाळपासून हे अगदी रंगात होते. साच्याच्या कोपऱ्यांत सिलिकॉन भरून बोटाने गोल केलं होतं, प्लायच्या चकचकीत बाजूला तेलाचा हात फिरवला होता. मला म्हणाले, इथे सगळं उलटं असतं, आपल्याला वरून दिसतं ती टेबलाची पाठ, त्याचं तोंड खाली अंधारात घडतंय, साचा खोलेपर्यंत ते कसं निघालं ते कोणाला कळत नाही. हे सांगताना ह्यांचा चेहरा पंचविशीतला झाला होता. गॅलरीत बादलीत माल कालवला, घट्ट, लाडवाला वळतात तसा मुठीत धरून पाहिला. पहिला थर पसरला. मग दुसरा माल कालवायला परत गॅलरीत गेले. मधेच बेल वाजली, पडद्यांची बाई आली होती, तिला सांगितलं की पडदे जळले, नवीन कापड मी आणून देते. तिने जीव नकोसा केला. परत खोलीत आले. पहिल्या थरावर मी तळवा फिरवला, हातमोज्यातूनसुद्धा गार, रवाळ लागत होतं, आणि मला ते फार आवडलं. मग हे दुसरी बादली घेऊन आले आणि सरळ ओतली. विचारलं नाही, पुकारलं नाही. मी चहा टाकायला गेले. कप घेऊन परत येते तर काय, हे कोपरापर्यंत हात घालून भरलेलं काँक्रीट परत उपसत होते! बादलीत काढत होते, पुन्हा भरत होते, थापीने सारखं करत होते, धापा टाकत होते. मी म्हटलं, "अहो, हे काय चाललंय?" माझ्याकडे न बघता म्हणाले, "बुडबुडे. बुडबुडे राहिले होते." मग साच्याखालून रबरी हातोडीने ठोकत बसले, किती वेळ तरी. भरायचं, उपसायचं, भरायचं. दीर वर्तमानपत्राची घडी घालायचे, मोडायचे, घालायचे. मी कप तिथेच ठेवून बाहेर आले. आणि त्यानंतर थोड्याच वेळात मला दाराआड जाळी सापडली.

आता एकदा संशय आला की माणसाला सगळीकडे तेच दिसतं म्हणतील कोणी. पण मला दिसत होतं ते मी काय डोळे मिटून घेऊ? माझी मोठी कात्री फ्रीजमध्ये सापडली, भाजीच्या कप्प्यात, काकड्यांच्या शेजारी. मी मुकाट्याने काढली, पुसली, जागेवर ठेवली. हे दारात उभे होते. त्यांनी पाहिलं आणि मान फिरवली. बिचारे, लाजले असतील. बाहेर गेले की फोन करून विचारायचे, "गॅस बंद आहे ना?" आणि थोड्या वेळाने परत तेच. "अहो, आत्ताच सांगितलं की!" "हो का? बरं बरं." तीच गोष्ट दोनदा, तीनदा सांगायला लागले होते, साचा खोलायला खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हर येणार आहेत, रविवारी येणार आहेत. मी म्हणायची, "पोपट झालात तुम्ही." घराची एक किल्ली ड्रायव्हरांकडे नेऊन ठेवली. का, तर असू दे. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय आखूड झाला तेव्हा मी टेप धरली होती आणि मापं ह्यांनी लिहून घेतली होती, म्हणजे चूक कोणाची? त्या पँटचे पैसे ह्यांनी स्वतः जाऊन भरून दिले. हे सगळं मी मनात साठवत होते आणि तोंडाने थट्टा करत होते. थट्टा करणं मला जमतं. भीती वाटली की मी जास्तच बडबडते.

काँक्रीट सुकू द्यायचं नसतं, भिजवत ठेवायचं असतं, तरच ते घट्ट होतं. ते काम माझ्याकडे होतं. सकाळ-संध्याकाळ प्लॅस्टिक उचलायचं, गोणपाट ओलं करायचं, परत झाकायचं. हे दारातून विचारायचे, "पाणी?" मी म्हणायची, "मारलं." तरी हे येऊन गोणपाटाला हात लावून बघायचे. मला वाटायचं, विचारलेलं विसरले. पाणी मारताना मी त्या करड्या लादीकडे बघत राहायची. वरून किती शहाण्यासारखी दिसत होती! आत जाळी नाही हे फक्त मला माहीत. साचा खोलायचा म्हणजे ती उभी करायची, मग पालथी घालायची. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ड्रायव्हर. मधे आधार नाही. ती मधोमध तुटणार, आणि तेवढं वजन कोणाच्या तरी पायावर पडणार. ह्यांच्या पायावर नाहीतर त्या भल्या माणसाच्या, ज्याचं पोट पायांवर चालतं, ब्रेक, क्लच. आणि तुटली की हे खाली वाकणार, तुकडा हातात घेणार, तुटलेल्या कडेला जाळी शोधणार. तेव्हा कळेल ह्यांना. मला तो क्षणच नको होता. पायापेक्षा मला त्याचीच धास्ती जास्त होती, खरं सांगते. सांगून टाकावं तर जाऊबाईसारखं व्हायचं: मी बोलायची आणि हे खुर्चीत बसायचे ते कायमचे. न सांगावं तर पाय. मी पाणी मारायची आणि ठरवायची, आज सांगू. मग चहा करायची.

मी ह्यांची परीक्षाही घेतली. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपलं पहिलं घर कितव्या मजल्यावर होतं हो?" हे चमकले. हळूच म्हणाले, "तिसऱ्या. का गं?" "आणि शेजारी?" "शेजारी तो टायपिंगचे क्लास घेणारा. दिवसभर टकटक. तू त्याला शिव्या घालायचीस. आपल्या स्वयंपाकघराची खिडकी निळी होती, तू रंगवली होतीस, दोन बोटं निळी घेऊन माझ्या साइटवर डबा द्यायला आली होतीस." निळी खिडकी? कुठली निळी खिडकी? त्या स्वयंपाकघराला खिडकी होती असंच मला वाटत नाही. म्हणजे आता हे मनाने रचून सांगायला लागले, आणि तेही इतकं हसून, इतकं खात्रीने! मी ताट बाजूला सारलं. मुलाचा फोन आला तेव्हा वाटलं त्याला तरी सांगावं. तो दूर असतो, कामात असतो. "आई, तू कशी आहेस?" "मी बरी आहे रे. तुझे बाबा..." "बाबांशी बोलणं झालं माझं. तू कशी आहेस ते सांग." "सांगितलं ना, बरी आहे." मग हवापाण्याचं बोलला, आणि ठेवताना परत, "आई, तू कशी आहेस, खरंच?" हा पण दोनदा विचारतो, मी मनात म्हटलं, सगळं घराणंच तसलं दिसतंय. हसू आलं, आणि लगेच अंगावर काटा आला, कारण रक्तातच असेल तर माझ्या पोराचं काय?

रविवारी सकाळी ड्रायव्हर आले. धिप्पाड माणूस, दारातून वाकून आत येतो. "वहिनी, चहा नंतर, आधी कुस्ती," म्हणाले. हे साच्याचे स्क्रू काढायला बसले. एकेक फळी सुटत होती, काँक्रीटच्या कडा उघड्या पडत होत्या, गुळगुळीत, ओलसर. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. हे उठले, गुडघे झटकले आणि साइटवरच्या आवाजात पुकारलं, "हातमोजे?" ड्रायव्हर हसून म्हणाले, "घातले." "खाली गादी?" "आहे." "पाय मागे?" "मागे." दोघं दोन टोकांना वाकले. ह्यांच्या मानेची शीर फुगली. लादीची एक कड बोटभर उचलली गेली, आणि खालच्या प्लायने चुकचुक असा आवाज केला, आणि माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. "थांबा! ठेवा खाली! उचलू नका! त्यात जाळी नाही!"

दोघांनी लादी टेकवली. ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागले, मग ह्यांच्याकडे. हे सरळ उभे राहिले. ह्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. "अहो, जरा खाली जाऊन तुमचा तो सामान बांधायचा पट्टा आणता?" हे ड्रायव्हरांना म्हणाले. "आणि सावकाश आणा." तो शहाणा माणूस, काही न विचारता गेला. दार लागल्यावर हे स्टुलावर बसले आणि हातमोजे काढायला लागले. एकेक बोट ओढून, वेळ लावत.

"जाळी आहे आत," हे म्हणाले.

"नाहीये हो! माझ्याकडे आहे ती. मला दाराआड सापडली. पलंगाखाली ठेवलीय मी. तुम्ही विसरलात, असू दे, माणूस आहे, होतं, कोणाचंही होतं..." मी रडत होते आणि बोलत होते, मला थांबता येत नव्हतं.

"तू चहाला गेलीस तेव्हा मला ती दाराआड दिसली. माल ओला होता. अख्खी जाळी घालायला सगळाच काढावा लागला असता, म्हणून थोडा थोडा उपसला, जाळीचे उरलेले तुकडे तारेने बांधून आत टाकले, परत भरला. आत आहे जाळी. हत्ती नाचला तरी तुटणार नाही."

"मग सांगितलं का नाहीत? शीळ घालत होतात वर!"

"मग काय, रडायला हवं होतं?"

मला क्षणभर इतकं हायसं वाटलं की मी खाली गादीवर बसलेच. विसरले असतील, पण ह्यांना स्वतःच आठवलं, स्वतःच सावरलं! हे दीर नव्हेत. मी डोळे पुसले, आणि मग माझ्या लक्षात आलं की हे अजून माझ्याकडेच बघतायत, टेबल जळलं त्या दिवशी बघत होते तसेच.

"जाळी मी तुझ्या हातात दिली होती," हे म्हणाले. फार हळू बोलत होते. "म्हटलं, मी दुसरा माल आणतो, तोवर ही टाक आणि दाब. बेल वाजली, तू गेलीस. मी बादली घेऊन आलो तेव्हा तू हात फिरवत होतीस. मी विचारलं, जाळी? तू म्हणालीस, टाकली."

"नाही विचारलंत तुम्ही."

"विचारलं गं."

मी आठवून पाहिलं. पडद्यांच्या बाईचा आवाज होता. तळव्याखालचं गार, रवाळ काँक्रीट होतं, ते मला आवडलं होतं. आणि बादली ओतल्याचा आवाज होता. मधे काहीच नव्हतं. पुसट होतं असंही नाही. तिथे नुसती जागाच नव्हती, मग विचारलेलं राहणार कुठे? मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. लग्न झाल्यापासून हा माणूस माल ओतताना पुकारायचा राहिलेला नाही. तो राहिला असेल असं मला वाटलंच कसं?

"इस्त्री?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ह्यांनी काढलेले हातमोजे मांडीवर ठेवले.

"कात्री? फ्रीजमध्ये?"

हे हातमोज्यांची घडी घालत होते. "खिडकी खरंच निळी होती," एवढंच म्हणाले.

काँक्रीट जळत नाही. इतके दिवस मी ते खूळ समजत होते. गॅसचे फोन, ड्रायव्हरांकडची किल्ली, एक गोष्ट तीनदा सांगणं, गोणपाट ओलं आहे का ते येऊन बघणं. 'माझंच राहिलं असेल.' सगळं एका मागोमाग एक माझ्या अंगावर आलं, आणि सगळ्यात शेवटी जाऊबाईचा हात, घास धरलेला. म्हणजे ते वाक्य मी ऐकणार नव्हते. मी बोलणार होते. ह्यांना. एक दिवस हे मला भरवत असतील आणि मी अदबीने म्हणेन, अहो, तुम्ही खूप केलंत, पण आता निघा. आणि हे हसून पुढचा घास पुढे करतील. मी तिथेच गादीवर बसून ह्यांचा पाय घट्ट धरला, लहान मुलं धरतात तसा. "मला भीती वाटते हो," मी म्हटलं. "फार भीती वाटते."

"मलाही," हे म्हणाले. "त्या धुराच्या दिवसापासून मला झोप नाही." डोक्यावर ठेवलेल्या ह्यांच्या हाताला सिमेंटचा वास येत होता. "डॉक्टरकडे जायचं आपण. मी तुझ्याशी बोलायला कित्येकदा आलो, आणि तू चहा पुढे केलास. वहिनीने दादाला सांगितलं तेव्हा त्याचं काय झालं ते डोळ्यांसमोर यायचं."

जिन्यात पावलं वाजली. ड्रायव्हर पट्टा घेऊन आले, सावकाश आले होते. मी उठले, तोंड धुतलं. ह्यांनी परत पुकारलं, सगळं पहिल्यापासून, आणि लादी उभी झाली, तोलली गेली, पालथी होऊन गादीवर आली. तुटली नाही. चकचकीत प्लायची फळी सोलून काढली तेव्हा खालचं तोंड दिसलं, गडद करडं, गुळगुळीत, एका कोपऱ्यात मसुराएवढं एकच भोक. ड्रायव्हर म्हणाले, "काय माल काढलाय, राव!" हे त्या भोकात करंगळीचं नख घालून बघत होते. मी तळवा फिरवला. गार होतं. ते मला त्याही दिवशी आवडलं होतं, तेवढं मला आठवत होतं, आणि मी ते घट्ट धरून ठेवलं.

दुपारी टेबल जागेवर बसलं, वर जाड कापड ताणून झालं. मी हट्टाने इस्त्री लावली, ह्यांच्याच एका सदऱ्याला केली. मग डॉक्टरांची वेळ घ्यायला खालच्या दवाखान्यात जायचं ठरलं, दोघांनी. मी पर्स घेतली, ह्यांनी दार उघडलं. उंबऱ्यात उभं राहून, नेहमीसारखं, पण साइटवरचा आवाज न काढता, ह्यांनी विचारलं, "इस्त्री?"

'बंद' माझ्या जिभेवर आलेलंच होतं. मी ते गिळलं.

"थांबा," मी म्हटलं. "बघून सांगते."

आणि हे एका पायात चप्पल घालून, कडीला हात लावून, थांबून राहिले.